आईंचं कपाळ

॥ श्री ॥

काजुपाडा, बोरिवली (पूर्व)
२७ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप वहिनींस,
सुगंधाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र गौरी बसल्या त्या दिवशी मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या चेतनाबेन भांडण झालं समजून दार उघडून बघतात. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

पहिली बातमी आनंदाची. सुयोगचं लग्न ठरलं. मुलगी घाटकोपरची, नाव अक्षता, बँकेत आहे. बोलायला मोकळी, पानात काही टाकत नाही, एवढं मी बघून घेतलं. १६ फेब्रुवारीचा मुहूर्त धरलाय. हॉल इथे बोरिवलीतच. मोठे भावोजी गेल्यापासून तुम्ही मुंबईचं तोंड पाहिलेलं नाही. आता घरातल्या मोठ्या तुम्हीच. पंधरा दिवस आधी यायचं आणि खुर्चीत बसून मला कामं सांगायची.

दुसरं मनातलं. काल आईंचं श्राद्ध केलं. मामंजींचा गिरणीच्या पासावरचा फोटो मोठा करून लावलेला आहे, त्याला हार घातला. आईंचा फोटोच नाही, म्हणून दरवर्षीसारखी पाटावर सुपारी मांडली. सुयोगने ह्यांना विचारलं, आजी दिसायला कशी होती. हे बराच वेळ वरणभात कालवत बसले आणि म्हणाले, आई आईसारखी होती. 

तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की आईंचं चित्र आपण करायचं. पूर्वी मी लोकांची रुखवतं करून द्यायची, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आता दोन वर्षं चित्रं करते. नुसती रंगवलेली नव्हेत. फळीवर आधी वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवायचे, त्यावर जुन्या साड्यांची फडकी, रांगोळीत डिंक कालवून उठाव द्यायचा आणि मग रंग. घरातलं काही वाया जात नाही. रंगांचा खर्च मी हिशोबात किरकोळमध्ये लिहिते. हे म्हणतात, तुझं किरकोळ फार वाढलंय.

चित्र मांडवात देवाशेजारी ठेवायचं, म्हणजे लग्नाच्या फोटोत आई येतील. आमच्या लग्नात फोटोवाला आला आणि त्या उठून आत गेल्या, हे अजून डोळ्यांपुढे आहे. विधवा बाई नव्या जोडप्याच्या फोटोत नको, असं त्यांना कुणी म्हटलंही नव्हतं.

पण मला चेहरा नीट आठवत नाही. मी त्यांना बघितलं ते मे महिन्यापुरतं आणि पहिल्या बाळंतपणात. तुम्ही बावीस वर्षं एका चुलीवर काढलीत. सावकाश आठवून लिहा.

किरण, ऋताला आशीर्वाद. तुमचा हात डोक्यावर आहे तोवर मला कसली काळजी.

आपली,
सुगंधा


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

मु. पो. कणकवली
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुगंधा हिस,
सत्यवतीचे अनेक आशीर्वाद.

सुयोगचं ठरलं, ऐकून फार बरं वाटलं. रवळनाथाला नारळ ठेवला. मुलगी पानात टाकत नाही म्हणजे अर्धा संसार जमला.

माझं येणं काही होणार नाही गो. गुडघे धरलेत. किरण आणि ऋता येतील, त्यांच्याबरोबर आहेर पाठवते. मी इथून अक्षता टाकीन. त्या पोचतात.

आयेचा चेहरा विचारलास. धाकू भावोजींना काय सांगता येणार, त्यांनी आयेकडे कधी जेवणाच्या वेळेशिवाय बघितलंय? तर लिहून घे. रंग सावळा, पण उजळ सावळा, तुझ्यासारखा. नाक बसकं. डाव्या भुवईत कोयती लागल्याची खूण, तिथे केस नव्हते. हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके. वरचा ओठ पातळ, खालचा जाड. हसायची तेव्हा आधी डोळे बारीक व्हायचे आणि तोंड मागून हसायचं. रागावली तरी आधी डोळेच बारीक व्हायचे, त्यामुळे आम्ही थोडा वेळ घाबरूनच असायचो.

आणि कपाळ रुंद. त्यावर कुंकू, मेण लावून, चार आण्याच्या नाण्याएवढं. मी लग्न होऊन आले तेव्हा दारात तिने मला ओवाळलं. दिव्यामागे मला आधी ते कुंकूच दिसलं. मामंजी त्यानंतर चार वर्षांनी गेले. तू आलीस तोवर तिचं कपाळ मोकळं झालं होतं, म्हणून तुला सांगते. कुंकवाची आये काढ. बिनकुंकवाच्या बाईचं चित्र मांडवात कोण ठेवतो?

किरणने फोनवर तुझी एक-दोन चित्रं दाखवली. बोटाएवढी दिसतात, मला त्यात काही कळलं नाही. कागदावर काढून पाठव.

रंगाचे हात डोळ्याला लावू नको. माझी आठवण काढत जा, पण स्वयंपाक करपवून नको.

तुझी,
सत्यवती वहिनी


॥ श्री ॥

बोरिवली
५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप वहिनींस,
सुगंधाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दिवाळी नीट झाली. तुम्ही पाठवलेल्या कडक बुंदीच्या लाडवांनी ह्यांची कवळी दोनदा हलली, तरी डबा सोडला नाही.

चित्र सुरू केलं. फळी दोन फूट बाय दीड फूट. मागे आपल्या माजघराची सारवलेली भिंत दाखवायची आहे. तिच्यासाठी गोराईची बारीक वाळू हवी होती. ह्यांना सांगितलं. हे होडीने पलीकडे गेले आणि जेवणाच्या डब्यात वाळू भरून घेऊन आले. डबा तीनदा घासला तरी भाजीत कचकच लागते. पण वाळू डिंकात कालवून शेणाच्या रंगात लावली आणि हाताने फिरवली, तर अगदी सारवणाची बोटं उमटली. केसांना काथ्या विंचरून घेतलाय. कातडीचा रंग जमत नव्हता. बाजारच्या रंगातून जे येतं ते विटेसारखं दिसतं. शेवटी चहाचा चोथा उकळून त्या पाण्यात ह्यांच्या जुन्या धोतराची फडकी बुडवली. एकदा बुडवलेलं, दोनदा बुडवलेलं, रात्रभर ठेवलेलं, अशा छटा मिळाल्या. गालावर फिकं, मानेशी गडद.

चेहरा मात्र चकवतो. पहिला काढला तो सुयोगने बघितला आणि म्हणाला, बाबांना लुगडं का नेसवलंस? मी रागावले, पण बघते तर खरंच. दुसरा त्यातल्या त्यात बरा आहे. त्याचं पेन्सिलीने काढलेलं टिपण सोबत ठेवते. चुकलं असेल तिथे लाल पेनने खुणा करा, मास्तरीण समजून.

कपाळाचं कोडं पडलंय. तुम्ही सांगता म्हणून कुंकू काढून बघितलं. चित्र छान दिसतं, पण बाई ओळखीची वाटत नाही. ज्यांनी माझ्या पहिल्या बाळंतपणात मला रात्रंदिवस शेक दिला त्या आईंचं कपाळ मोकळं होतं. कुंकू पुसलं की ओळख पटते, आणि मग तुमचं म्हणणं आठवतं. मांडवाचा प्रश्न आहे. मी तूर्त कुंकू ठेवलंय.

आता गुडघ्यांचं. दसऱ्याला सातेरीच्या देवळाच्या सगळ्या पायऱ्या चढून तुम्ही सोनं वाटलंत, असं ऋता म्हणाली. एवढे गुडघे बोरिवलीला पुरतील. हॉलला लिफ्ट आहे. तुम्हाला यायचं का नाही ते सरळ लिहा. मी धाकटी आहे, पण इतकी धाकटी राहिलेले नाही.

रागावलात तर पत्रातच रागवा, गप्प बसू नका.

आपली,
सुगंधा


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

कणकवली
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुगंधा हिस,
सत्यवतीचे अनेक आशीर्वाद.

ऋताच्या जिभेला हाड नाही. मगे काय करणार, सून माझीच आहे.

तुझं टिपण बघितलं. नाक आणखी बसव. कान लांबव, त्यात जड कुड्या असायच्या, पाळी खाली आलेली. हनुवटीचे ठिपके तू ओळीत काढलेस, ते तिकोनी होते. मान एवढी ताठ नको, ती जरा डावीकडे कलती धरायची, पाण्याच्या हंड्याची सवय. डोळे बरोबर आलेत. ते बघून मी कागद उलटा करून ठेवला, आणि थोड्या वेळाने परत सुलटा केला.

पाकिटात हिरवा काठ आहे तो तिच्या लुगड्याचा. मामंजींचं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ते माझ्या पेटीत टाकलं आणि म्हणाली, तू नेस. मी कधी नेसले नाही. मला धीर झाला नाही. आता काठ कापला तर लुगडं जिवंत झाल्यासारखं वाटलं. तुझ्या चित्रात खांद्यावर लाव.

सरळ लिही म्हणतेस, तर लिहिते. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण कारण ते नाही. किरणच्या मेव्हणीच्या लग्नात गेले होते. हळद लावायला बायका गोळा झाल्या, हसत होत्या, आणि मी पुढे झाले तशा गप्प झाल्या.  एकीने माझ्या हातातली वाटी हलकेच घेतली आणि मला बसायला खुर्ची दिली. मान दिला. मला ते बघवलं नाही. त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि आपल्यालाही होतं. आयेने मला शिकवलंय, कुणी सांगायच्या आधी आपण उठावं, म्हणजे सगळ्यांचं सोपं होतं. ती आयुष्यभर तसं उठत राहिली. मला आता उठायचा कंटाळा आलाय, म्हणून बसायलाच येत नाही.

तुझ्या मुलाच्या शुभकार्यात माझ्यामुळे कुणाची नजर खाली नको. तू वाईट वाटून घेऊ नको.

कुंकू ठेवलंस ते चांगलं केलंस. ती तशी खूश होती.

हिवाळ्यात अंगावर शाल घेत जा. मी इथे आहे, तुझं सगळं चांगलं व्हावं म्हणत.

तुझी,
सत्यवती वहिनी


॥ श्री ॥

बोरिवली
२० डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप वहिनींस,
सुगंधाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी बरेच दिवस उत्तर लिहू शकले नाही. मग लिहायला बसले तर घरात वाट लागलेली. ती आधी सांगते.

तुमच्या खुणांप्रमाणे चेहरा पुरा केला होता. नाक बसलं, मान कलली, काठ खांद्यावर लावला. हे बघायला आले आणि चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, आईचा हात भाकरी थापताना असा वळायचा, आणि हवेत वळवून दाखवला. एवढं ते कधी बोलले नव्हते. चित्र कुणाच्या पायाशी लागू नये म्हणून मी धुतलेल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभं केलं, आणि मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले त्यात गुंतले.

गेल्या आठवड्यात चादर सोडली. कसर लागली होती. कसर आणि झुरळं, दोन्ही. गालाचं फडकं चाळणीसारखं, हनुवटी गेलेली, कपाळाचा कागद कुंकवासकट खाल्लेला. हिरवा काठ तेवढा वाचला, बहुतेक जुना रंग कडू लागला असेल.

दोष माझाच. खळ करताना त्यात मोरचूद घालतात, किडे लागू नयेत म्हणून. रुखवताच्या प्रत्येक वस्तूत मी घातलाय. पण हे आईंचं चित्र. आईंच्या तोंडाला विष कसं लावायचं? म्हणून मी मोरचूद घातला नाही, मैदा तुळशीच्या पाण्यात शिजवला आणि जरा तूपही सोडलं. चेतनाबेनना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सुगंधाबेन, तुम्ही तर झुरळांना नैवेद्य दाखवला. मी रडत होते तरी हसू आलं.

त्या रात्री देवापुढे बसले होते. मी आईंना मान द्यायला गेले, वेगळी खळ केली, वेगळ्या चादरीत ठेवलं, सगळ्यांपासून लांब. बाकीची साधी चित्रं बाहेर भिंतीवर आहेत, धूळ खातात, पण धड आहेत. ज्यांचा मान ठेवला त्याच गेल्या. आणि मग तुमची ती खुर्ची आठवली, वाटी काढून घेऊन दिलेली.

वहिनी, मी देवधर्म मानणारी बाई आहे, तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी देवळात जाऊन गुरुजींना विचारलं की हळद लावायला विधवा गेली तर चालेल का. ते म्हणाले, शास्त्राचं मी बघतो, पण तुमच्या पाहुण्यांचं तुम्ही बघा. मग मी अक्षताच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांच्या मोठ्या विधवा काकूंनाही त्या या वेळी पुढे करतील, कुणीतरी आधी म्हणायची वाट बघत होत्या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, वहिनीने मला लहानपणी आंघोळ घातलीय, तिच्या हाताने सुयोगला हळद लागली नाही तर मी पाटाशी बसणार नाही. एवढं बोलून पेपर उघडला.

तेव्हा मागणं असं आहे. सुयोगला पहिली हळद तुम्ही लावायची. कुणी गप्प झालं तर मी मोठ्याने बोलीन, माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. फोटोच्या वेळी उठायचं नाही. यायचं नसेल तर तसं कळवा, पण आमच्यासाठी म्हणून नको, आम्हाला सोपं काही करायचं नाही.

चित्र पुन्हा लावायला घेतलंय, खळीत मोरचूद घालून. पुन्हा चहात फडकी बुडवली. हात आता ओळखतो, डोळे पहिल्या बैठकीत आले. कपाळ तेवढं कोरं ठेवलंय. कुंकवाचं की मोकळं, ते तुम्हीच ठरवायचं, येऊन आपल्या हाताने करा. त्याशिवाय चित्र पुरं होणार नाही.

पत्रिकेत निमंत्रक म्हणून तुमचं नाव सगळ्यात वर छापायला दिलंय. आता पैसे भरलेत, बदलता येणार नाही.

तुमच्या होकारावर सगळं अडलंय, एवढंच म्हणते आणि थांबते.

आपली,
सुगंधा


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

कणकवली
६ जानेवारी २०२५

चि. सौ. सुगंधा हिस,
सत्यवतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र किरणने वाचलं, मग ऋताने वाचलं, मग मी चष्मा लावून दोनदा वाचलं. झुरळांच्या नैवेद्याला आम्ही तिघं हसलो. तूप सोडलंस म्हणजे पंगतच झाली त्यांची.

 चार दिवस परसात काम काढलं. ऋता म्हणाली, आई, जायचं नसेल तर नका जाऊ, पण ह्या वयात एवढं खणू नका. मी तिला म्हटलं, खणते ते जायचंच आहे म्हणून.

कपाळाचं मी ठरवलं. कोरं ठेवू नको, माझी वाट बघू नको. मला ब्रश धरता येणार नाही. तू बघितलंस तसंच काढ, मोकळं. मी तुला कुंकवाचा हट्ट केला, कारण मला वाटायचं की तीच खरी आये, मागची ती उरलेली. पण कुंकू होतं तेव्हा तिला कुठे कुणी उठवलं होतं? तेव्हा ती सगळ्यात पुढेच असायची. फोटोवाला आला आणि जी उठून आत गेली ती मोकळ्या कपाळाची आये. मांडवात आणायची तर तिलाच आणायला हवी. कुंकू लावून आणलं, तर आपणही तिला परत एकदा आतच पाठवली म्हणायची. भुवईतली खूण तेवढी विसरू नको, कपाळ मोकळं असलं की ती जास्त दिसायची.

मी पण तशीच येते. टिकली लावणार नाही, आणि नवी साडी नेसेन. तिचं हिरवं लुगडं आता काठाशिवाय आहे, नाहीतर तेच नेसले असते. धाकू भावोजींना सांग, पाटाशी न बसायचं नाटक करू नका, मी आंघोळ घातली तेव्हाही तुम्ही असेच हट्टी होता.

हळद मात्र पहिली मी नाही लावणार. पहिली त्याच्या आईने लावावी. मी दुसरी लावीन, आणि एकदा लावायला बसले की भरपूर लावीन, पोराला सांगून ठेव. त्या वेळी बायका गप्प झाल्या तर होऊ देत. मला तसंही ऐकू येत नाही.

किरणने एक फेब्रुवारीची तिकिटं काढलीत. तू दुकानातली पुडी आणू नको. परसातली हळद खणली, उकडली, अंगणात वाळत घातलीय. येताना कुटून आणते.

घरात सगळ्यांना माझा आशीर्वाद सांग, आणि तुझ्या वाट्याचा जास्त ठेव.

तुझी,
सत्यवती वहिनी